आडव्या दांड्याखालून

"खालून जा ना. तुम्हा लोकांना वाकायची सवय असते."

हे एचआरचे साहेब म्हणाले. माझ्या मागं रांगेत उभे होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग, अंगाला सेंटचा वास. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. पत्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगावा तसं सांगितलं. मी माझं कार्ड पुन्हा पुन्हा मशीनला टेकवत होते आणि पुन्हा पुन्हा लाल दिवा लागत होता.

तुम्हा लोकांना. मी वळून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते मोबाईलमध्ये बघत होते. माझ्या गळ्यातल्या कार्डावर माझं आडनाव छापलेलं होतं, आणि आडनावावरून आमची जात ओळखायला या शहरात कुणाला वेळ लागत नाही. मागं रांग होती. इंजिनिअर होते, ऑफिसातल्या मॅडम होत्या, शिकाऊ पोरं होती. कुणीतरी घड्याळ बघून च्यक् केलं.

मी वाकले.

दांडा कमरेला लागेल एवढ्या उंचीवर. त्याच्या खालून जायचं तर नुसती मान घालून भागत नाही. पार दुमडावं लागतं, एक हात फरशीला टेकवावा लागतो. दुसऱ्या हातात डबा. ओढणी पुढं लोंबते, ती तोंडात धरायची. पलीकडं डोकं निघालं की आधी लोकांचे बूट दिसतात, मग माणसं. त्या दिवशी दोन बूट माझ्यासाठी पटकन मागं सरले. घाणीवरून पाय मागं घ्यावा तसे.

मी उभी राहिले तेव्हा पाठीला काहीतरी थंड लागलं होतं. ग्रीस. दांडा सारखा अडकायचा म्हणून त्याच्या सांध्याला ग्रीस फासत, ते ओघळून खालच्या अंगाला जमायचं. कुडत्याच्या पाठीवर काळा पट्टा.

आमच्या शहरात मेट्रो नाही. पण आमच्या कंपनीनं मेट्रोसारखं गेट आणून बसवलं होतं. सिडकोत कंपनीच्या बसची शेड आहे, तिथून बस वाळूजला जाते. गेट बसवलं तेव्हा नारळ फोडला, पेढे वाटले. आम्हा कंत्राटी बायकांनाही अर्धा अर्धा पेढा मिळाला. कार्ड टेकवायचं, हिरवा दिवा लागायचा, दांडा फिरायचा, माणूस आत. बसचं भाडं पगारातून कापलं जायचं आणि हजेरीही तिथंच लागायची, कारण बस थेट कंपनीच्या आवारात जाऊन थांबते. मला पहिल्या दिवशी केवढं कौतुक. माझ्या नावाचं कार्ड, माझ्यासाठी फिरणारा दांडा. घरी जाऊन आईला सांगितलं होतं, आई, मशीन मला ओळखतं.

ओळखायचं, पण काही महिनेच. आमच्याकडं ब्रेक नावाचा प्रकार आहे. कंत्राटी माणूस सलग फार दिवस राहिला तर उद्या कायम करा म्हणून हक्क सांगेल. म्हणून ठेकेदार मधेच ब्रेक देतो. कागदावर आम्ही कामावरून कमी होतो आणि थोड्या दिवसांनी नव्यानं लागतो. तेवढ्या दिवसांत कार्ड बंद. आता खरोखर घरी बसवलं तर तेही समजू शकते. पण ऑर्डर असते, मशीन थांबून चालत नाही. मग मुकादमाचा फोन येतो. ब्रेक चालू आहे, पण उद्या कामाला या, रोख देऊ. जेवायला बसवायचं आणि पंगतीत आलाच नव्हता म्हणायचं, त्यातला प्रकार.

मग शेडवर लाल दिवा. आणि वॉचमन म्हणायचा, खालून या.

वॉचमन वाईट नव्हता. तोही दुसऱ्या कुठल्या एजन्सीचा कंत्राटीच. आम्हाला ताई म्हणायचा. आणि आम्ही बायका त्याचे आभार मानायचो. खरं सांगते, आभार मानायचो. त्यानं आत सोडलं म्हणून आमचा रोज वाचला असं वाटायचं. शिवाय खालून गेलं की भाडं कापलं जात नसे. बायका एकमेकींना कोपर मारून हसायच्या, आज फुकटात. आपण कंपनीला फसवलं असं वाटायचं आम्हाला. आम्ही. कंपनीला.

बसमध्ये बसलं की दुसरा तमाशा. पाठीवर ग्रीस असलेली बाई सीटला टेकली तर सीट खराब होणार. आधी ड्रायव्हर बोलला, मग ऑफिसातल्या एका मॅडमनं ट्रान्सपोर्टवाल्यांकडं तक्रार केली. तेव्हापासून ब्रेकवरच्या बायकांनी मागं उभं राहायचं असा नियमच झाला. कुठं लिहिलेला नव्हता. सगळ्यांना माहीत होता. एकदा जागा रिकामी होती, माझे पाय दुखत होते, मी बसले. शेजारच्या शिकाऊ पोरानं, वीस-बावीस वर्षांचा असेल, बॅगेतून वर्तमानपत्र काढलं आणि माझ्याकडं न बघता पुढं केलं. "पाठीमागं लावा." मी ते पान घेतलं. सगळा जालना रोड, क्रांती चौक, स्टेशन, पुढचा पूल, मी पाठीशी वर्तमानपत्र दाबून ताठ बसले होते. मला माझ्याच पाठीची किळस येत होती. त्या पोराची आली नाही.

आमच्या त्या बसला कौसाबाई होती. फुलंब्रीकडच्या एका वाडीची. नवरा शेळ्या-मेंढ्या राखतो, ही पहाटे उठून भाकरी थापून काळ्या-पिवळ्या जीपनं शहरात यायची आणि मग आमच्या बसनं वाळूजला. वयानं माझ्या आईच्या जवळपास. पहिल्या महिन्यात ती माझ्या डब्यातलं काही घेत नव्हती. आज उपास आहे म्हणायची. एवढे उपास देवसुद्धा मागत नाही. मला सवय होती. मग एक दिवस तिच्या जीपनं घोळ घातला, धावपळीत डबा आणायचा राहिला, आणि दुपारी तिनं माझ्या डब्यातली भाजी मुकाट्यानं ओढली. खाऊन झाल्यावर म्हणाली, "तिखट लई घालती तू." त्यानंतर आम्ही रोज एकत्र जेवायला लागलो. मला ती माय म्हणायची, मी तिला मावशी.

आमची कंपनी गाड्यांना लागणारे रबरी भाग करते. कौसाबाई प्रेसवर होती. तापलेला साचा उघडायचा, माल काढायचा, कच्चं रबर ठेवायचं, साचा मिटायचा. मी तिच्या शेजारच्या टेबलावर, निघालेल्या मालाची कड ब्लेडनं कापायला.

त्या दिवशी ब्रेक चालू होता. सकाळी आम्ही दोघी दांड्याखालून गेलो. आधी ती, मग मी. तिचे गुडघे दुखायचे, तिला वाकता येईना, म्हणून मी मागून तिचा पदर सावरला. वॉचमन म्हणाला, "आजी, जरा जोर लावा." रांगेतले लोक हसले, मागं उभे असलेले एचआरचे साहेबही हसले. तीपण हसली.

दुपारच्या आधी तिचा उजवा हात साच्यात गेला.

कसा गेला ते सांगते, कारण पुढं पुष्कळ जणांनी पुष्कळ सांगितलं. साच्याला माल चिकटला होता. प्रेसच्या पुढं हाताच्या राखणीला एक जाळी असते, ती उघडी असली की साचा मिटत नाही. ती जाळी कित्येक दिवस उघडीच ठेवून, तिचा खटका दाबलेला राहील अशी तारेनं बांधलेली होती, कारण जाळी उघडझाप करण्यात वेळ जातो आणि माल कमी निघतो. सुपरवायझरनं बांधली होती, सगळ्यांसमोर. कौसाबाईनं चिकटलेला माल ओढायला हात घातला आणि साचा मिटला. ती ओरडली नाही. नुसतं "माय" म्हणाली. मी पळत जाऊन लाल बटण दाबलं. साचा उघडला तेव्हा तिचा हात मीच बाहेर घेतला. भाजलेल्या रबराचा वास आणि भाजलेल्या माणसाचा वास त्या दिवशी माझ्या नाकात एकत्र गेला. नंतर कितीतरी दिवस मला भाकरी शेकल्याचा वास सहन होत नव्हता.

कंपनीच्या गाडीतून तिला दवाखान्यात नेलं. मी सोबत होते. तिची तीन बोटं गेली. तिचा नवरा वाडीवरून आला, काठी बाहेर ठेवून पायरीवर बसून राहिला. संध्याकाळी एचआरचे साहेब आले. सफरचंदं घेऊन आले. कौसाबाईच्या उशाशी पिशवी ठेवली आणि मला बाहेर बोलावलं.

मला वाटलं, विम्याचं काही विचारतील. ते म्हणाले, घरी चुलीजवळ भाजलं असं दवाखान्यात लिहून द्यायचं. मी म्हटलं, साहेब, चुलीवर कुणाची बोटं चिरडत नाहीत. ते शांत होते. मला म्हणाले, "हे बघा, त्या आज कामावर नव्हत्या. मशीनमध्ये त्यांची एन्ट्री नाही. कार्ड नसताना फुकटात बसमध्ये शिरल्या, ही त्यांची चूक. कंपनी ती चूक पोटात घालायला तयार आहे."

मी म्हटलं, "मी होते तिथं. तिचा हात मी काढला."

"तुम्हीही नव्हता," साहेब म्हणाले.

माझ्या बाहीवर तिचं रक्त वाळलेलं होतं. समोर उभा राहून माणूस मला सांगत होता की मी नव्हते. आणि त्याला ते सांगताना काही वाटत नव्हतं. जेवून आला होता. दातात अडकलेलं काहीतरी जिभेनं काढत होता. माणसाची इतकी शिसारी मला आयुष्यात कधी आली नव्हती. शाळेत पाण्याच्या टाकीवरून हाकललं होतं तेव्हाही नाही. तेव्हा निदान हाकलणाऱ्याला मी दिसत तरी होते.

त्या क्षणी मला गेट कळलं. इतके दिवस आम्ही समजत होतो की वाकलं की आत जाता येतं. वाकून गेलेलं माणूस आत जातच नाही. हात आत जातात, काम आत जातं, माणूस बाहेरच राहतं. आणि आम्ही त्याला फुकटचा प्रवास समजून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी आई मोरीत माझे कपडे धूत होती. आम्ही मुकुंदवाडीत दोन खोल्यांत राहतो, मोरी दाराशीच आहे. रक्त निघालं, ग्रीस निघेना. तिनं कुडतं उजेडात धरलं.

"हा डाग तर दर वेळी पाठीवरच असतो. कशाचा हाय?"

याआधी दर वेळी मी बसला घासलं म्हणून सांगायचे. त्या दिवशी सगळं सांगितलं. गेट, दांडा, साहेबाचं ते पहिलं वाक्य, कौसाबाईचा हात, तुम्हीही नव्हता. आई ऐकत राहिली. साबणाचे हात तसेच. माझी आई चिडली की ओरडते. त्या दिवशी ओरडली नाही.

"तुझा आजा गावात पाटलासमोर कमरेत वाकून जोहार घालायचा," ती म्हणाली. "बौद्ध झाला त्या दिवशी सोडला त्यानं. मार खाल्ला, गाव सोडलं, पर पुन्हा वाकला नाय. आन् तू शिकलीसवरलेली, मशीनपुढं वाकती व्हय?"

मी म्हटलं, आई, काम जाईल. धाकट्याची फी आहे, खोलीचं भाडं आहे. ती म्हणाली, मला नको शिकवू घर कसं चालतं. आणि कुडतं पुन्हा दगडावर घेतलं.

दोन दिवसांनी मुकादमाचा फोन आला. ब्रेक अजून चालूच आहे, पण माणूस कमी आहे, उद्या या. प्रेसवर उभं राहावं लागेल. कुणाच्या जागी ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी गेले. डबा घेऊन गेले, नेहमीच्या वेळेला गेले. रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली, कार्ड टेकवलं. लाल दिवा.

"ताई, वाका बरं," वॉचमन म्हणाला. "लाईन लई मोठी हाय."

"नाही वाकणार."

त्याला वाटलं पाठबिठ दुखतेय. त्यानं डबा धरायला हात पुढं केला. मी डबा दिला नाही. मी दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. म्हटलं, मला कामाला बोलावलंय. मला आत घ्यायचं असेल तर हिरव्या दिव्यानं घ्या.

मागं गलका सुरू झाला. काय झालं, कोण आहे, ओ बाई, बाजूला व्हा. स्टाफचे लोक बोलले त्याचं मला काही वाटलं नाही. पण आमच्याच बायका बोलल्या. एकजण रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर की गं बाजूला, माझा रोज बुडंल." तिचं खरं होतं. तिच्या घरी काय आहे ते मला माहीत होतं. तरी मी सरले नाही, आणि तिच्याकडं बघायचं मला धाडस झालं नाही.

बस हॉर्न वाजवायला लागली. तेवढ्यात साहेब पुढं आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. वॉचमनला म्हणाले, "ते बाजूचं दार उघड."

वॉचमननं खिशातून किल्ली काढली. गेटच्या शेजारी पत्र्याला लागून एक दार होतं, पुरुषभर उंचीचं. मी त्याला रोज पाहत होते. ते भिंतीचाच भाग आहे असं मला वाटायचं. त्यानं कुलूप काढलं, दार ढकललं आणि स्टाफचे लोक एकामागून एक ताठ मानेनं आत गेले. कुणाच्या कपड्याला काही लागलं नाही.

दार होतं. किल्ली होती. इतके दिवस होती. दुखऱ्या गुडघ्यांची म्हातारी हात टेकून रांगत होती तेव्हाही ती किल्ली त्याच्या खिशात होती. मी वॉचमनकडं पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "ऑर्डर नव्हती, ताई."

सगळे गेल्यावर साहेब दाराशी थांबले. आमच्या बायका घुटमळत होत्या. त्यांना साहेबांनी हातानं खूण केली, जा. त्या दारातून उभ्यानं गेल्या. मग मला म्हणाले, "तुम्हीही या. झालं ना तुमचं समाधान? आता वाकायला नको."

एक क्षण पाय उचलला गेला, खोटं कशाला सांगू. उभ्यानं आत जायचं. एवढंच तर पाहिजे होतं, असं वाटून गेलं. पण दाराला मशीन नव्हतं. त्या दारातून गेले असते तर त्या दिवशीही मी नव्हतेच.

मी म्हटलं, "मला दार नको. माझी हजेरी पाहिजे."

साहेब जवळ आले. पहिल्यांदाच माझ्याशी हळू बोलले. कार्ड आजच चालू करून देतो म्हणाले. यापुढं मला ब्रेक लागणार नाही, बघून घेतो म्हणाले. हजेरी, भाडं, विमा, सगळं रीतसर. "फक्त त्या बाईंचं प्रकरण तुम्ही वाढवू नका. विचारलं तर माहीत नाही म्हणा. तुम्ही तशाही नव्हता त्या दिवशी."

म्हणजे कौसाबाई नव्हती एवढं मी म्हणायचं. मग माझ्यासाठी हिरवा दिवा लागणार. रोज सकाळी मशीन मला ओळखणार. रोज तिची तीन बोटं पायाखाली घेऊन मी आत जायचं.

मी म्हटलं, "साहेब, त्या दिवशी सकाळी मावशी माझ्याआधी दांड्याखाली वाकली होती. तुम्ही रांगेत होता. तुम्ही हसला होता. म्हणजे तुम्हाला ती दिसली होती."

ते वळले. बसमध्ये चढले. बस गेली. माझं काम त्याच दिवशी गेलं. मुकादमानं फोन करून सांगितलं, आणि नाव काळ्या यादीत टाकलंय, वाळूजमध्ये कुणी उभं करणार नाही, असंही सांगितलं. बजाजनगरातल्या दोन वर्कशॉपवर जाऊन आले. त्याचं खरं निघालं.

मी फुलंब्रीला गेले. वाडीवर कौसाबाईच्या नवऱ्यानं चहा दिला, त्यांच्या घरचे पितात त्याच कपात. तो म्हणाला, बाई, मोठ्या लोकांशी आपलं कुठं जमतं, हात काही परत येत नाही, तू तुझं बघ. कौसाबाई खाटेवर बसली होती, फडकं गुंडाळलेला हात मांडीत. ती नवऱ्याला म्हणाली, "तू गप. तिला बोलू दे." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मी व्हते ना गं माय तिथं?"

तिलाच शंका यायला लागली होती. एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा सांगितलं होतं.

"होतीस, मावशी," मी म्हटलं. "मी पण होते."

आम्ही दोघी कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेलो आहोत. माझा जबाब झाला आहे. कंपनीचा वकील म्हणतो, पुरावा काय. जाळीची तार त्यांनी काढून टाकली, प्रेस रंगवून घेतली, बसमधल्या कुणालाही आठवत नाही. आमच्या बायकांनाही आठवत नाही, आणि त्यांच्यावर मी रागावणार नाही, त्यांना अजून आत जायचं आहे. मला नाही. म्हणून मला सगळं आठवतं. जाळी कुणी बांधली, बटण कुणी दाबलं, दवाखान्यात कोण काय म्हणालं, सगळं. पुढच्या तारखेला सांगीन. त्याच्या पुढच्या तारखेला सांगीन. दहा वर्षं चालवा, दहा वर्षं सांगीन. साहेबासमोर उभी राहून, त्याच्या डोळ्यांत बघून सांगीन की ती होती, मी होते, आणि तू बघत होतास.